आधी शब्द, मग ढोलकी



एप्रिल महिना जवळ आला की आमच्याकडे एक विचारणा हमखास येते. "पोरांनी गाणे बसवले आहे. घरच्या घरी रेकॉर्ड करायचे आहे. काय काय विकत घ्यावे लागेल?" कधी ही विचारणा बाबूपेठेतून येते, कधी बल्लारपुरातून, कधी वैनगंगेपलीकडून, गडचिरोली-आरमोरीकडून. एकेकाळी गाणे रेकॉर्ड करायचे म्हणजे नागपूर नाही तर मुंबई गाठावी लागे. स्टुडिओचे भाडे तासावर असे, आणि घड्याळाकडे पाहत गाणाऱ्याचा घसा कोरडा पडे. आता ते काम घरातल्या एका खोलीत होऊ शकते. म्हणून या वेळी त्याविषयीच लिहीत आहोत.

परंतु काय विकत घ्यावे हे सांगण्याआधी आमच्या घरी काय गमावले ते सांगणे भाग आहे. ते कळल्याशिवाय पुढच्या सूचनांचा अर्थ लागणार नाही.

पुसली गेलेली चार नावे

आमच्या आत्याबाई मूल तालुक्यातील एका धानाच्या गावी राहतात. वय ऐंशीच्या घरात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते आमच्या चांद्याला आले. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने येथेही दीक्षेचा सोहळा झाला. आत्याबाई तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या. गावातून बंड्या जुंपून लोक चांद्याला निघाले, त्यांत त्याही होत्या. पुढच्या पावसाळ्यात रोवण्याच्या वेळी त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या आजीने, एक गाणे जोडले. त्या दिवशी गावातून कोण कोण निघाले त्यांची नावे त्या गाण्यात होती. एका कडव्यात एक नाव, अशी अकरा कडवी. चिखलात वाकून रोवणा लावताना बाया ते गाणे म्हणत. आजी अक्षरशत्रू होती. तिच्यासाठी ते गाणे हीच हजेरीची वही होती.

१९८९ साली आमच्या घरी टू-इन-वन आला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली छोटी कॅसेट तोवर आपल्या वस्त्यावस्त्यांत पोहोचली होती. आम्ही हौसेने आत्याबाईंना समोर बसवले आणि हे गाणे अकराच्या अकरा कडव्यांसह भरून घेतले. जुन्या वाचकांना आठवत असेल, कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असत. त्या मोडून टाकल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नसे. आम्ही त्या मोडल्या नाहीत. दोन वर्षांनी एका लग्नाच्या गडबडीत रिकामी कॅसेट सापडेना, तेव्हा हाती आली ती कॅसेट घातली आणि तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. टेपरेकॉर्डरमध्ये नवे भरण्याआधी जुने पुसणारे वेगळे हेड असते. त्याने आपले काम चोख केले. दोष कोणाचा नाही, आमचाच आहे.

आज आत्याबाईंना त्या अकरांपैकी सात नावे आठवतात. चार गेली. त्या बंड्यांतून गेलेली मोठी माणसे आता गावात कोणी उरली नाहीत.

कोणी येईल म्हणून वाट पाहू नका

कॅसेटच्या काळाने आपल्याला पुष्कळ दिले हे खरेच आहे. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचा आवाज, आपल्या विदर्भात नागोराव पाटणकरांची कव्वाली हे सारे घराघरात वाजू लागले. दीक्षाभूमीवरून परतताना पिशवीत पुस्तकांबरोबर दोन-चार कॅसेट असतच. परंतु कॅसेट काढणारी कंपनी खपणारा गायक पाहणार. मूल तालुक्यातल्या एका बाईचे रोवण्याचे गाणे टिपायला ती कशाला येईल?

असे काम करणारी माणसे महाराष्ट्रात नव्हती असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्या प्रकल्पातच ध्वनिमुद्रित झाल्या. आज हा संग्रह 'पारी' या संस्थेने इंटरनेटवर खुला केला आहे. त्यात गाण्यासोबत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, वय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. या एका गोष्टीसाठी त्या कामाला आमचा जयभीम. परंतु प्रत्येक गावी असे अभ्यासक पोहोचत नसतात. आपल्या घरचे आपणच टिपायचे, असे आम्ही आणि आमच्या मुलीने ठरवले आणि दोन वर्षांपूर्वी या कामाला लागलो. चुका भरपूर केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हा खटाटोप.

खोली निवडा, मग यंत्र

प्रथम खोलीत उभे राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीनंतर "टण्ण" असा आवाज भिंतींतून परत आला तर ती खोली गाण्याच्या कामाची नाही. आमचे चंद्रपूरचे घर स्लॅबचे आहे. गुळगुळीत, समोरासमोरच्या भिंती, खाली फरशी. तिथे भरलेला आवाज मोरीत गायल्यासारखा आला. आत्याबाईंचे घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूचे. तिथे टाळी वाजवली तर ती तिथेच जिरते. गरिबीचे म्हणून आपण ज्या घराची लाज बाळगली, ते घर गाण्याच्या कामाला अधिक चांगले निघाले.

स्लॅबचेच घर असेल तरी बिघडत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड वाकळी टांगा. पाठीमागेच का? बहुतेक गाण्याचे माईक समोरचे ऐकतात आणि आपल्या पाठीमागचे कमी ऐकतात. माईकसमोर गाणारा असतो आणि त्याच्या मागची भिंत. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माईकच्या तोंडात जातो. तो वाकळीने अडवायचा. खाली सतरंजी टाका. कपड्यांनी भरलेले उघडे कपाटही आवाज चांगला शोषून घेते.

पंखा, फ्रीज, कूलर बंद हवेत. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेव्हा कूलर बंद करून म्हाताऱ्या माणसाला गायला बसवणे हा अपराध आहे. पावसाळ्यात कवेलूवर धारा वाजतात, रात्री बेडूक आणि रातकिडे. सर्वांत चांगला वेळ हिवाळ्यातली पहाट. आणखी एक गंमत सांगतो. एरवी ज्या भारनियमनाला आपण शिव्या देतो, ते या कामात मित्र ठरते. लाईट गेली की गावातले सगळे पंखे, पंप, टीव्ही एकदम गप्प होतात. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर काढल्यावर पुष्कळदा माईकमधली बारीक घूंsss देखील थांबते. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. त्या घूंचा उगम बहुधा तिथे असतो.

काय घ्यावे, किती घ्यावे

नुसता मोबाईल असेल तर मोबाईलवर सुरू करा. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांची एकतारीवरची गाणी मोबाईलवरच्या चित्रफितींतून महाराष्ट्रभर गेली. साथीला मोठा ताफा नव्हता, परंतु शब्द लख्ख ऐकू येत होते. मोबाईल विमान मोडवर टाका आणि गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर, उशीवर ठेवा, म्हणजे खालच्या लाकडाची थरथर त्यात शिरणार नाही. एक लक्षात घ्या. बरेच मोबाईल आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतात. ढोलकीची थाप पडली की यंत्र घाबरून सगळाच आवाज खाली ओढते आणि त्याबरोबर शब्दही बुडतो. म्हणून मोबाईलवर भरताना ढोलकी दूर बसवा, किंवा आधी नुसता गळाच भरा.

थोडी ऐपत असेल तर चार वस्तू लागतात: एक माईक, माईक संगणकाला जोडणारी डबी, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि एक साधा लॅपटॉप. त्या डबीला दुकानात ऑडिओ इंटरफेस किंवा नुसते साउंड कार्ड म्हणतात. सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे आणि मोफत आहे. शिकायला ते पुरेसे आहे.

माईक मुख्यतः दोन जातींचे. सभेत, स्टेजवर हाती धरतात तो डायनॅमिक. शुअर कंपनीचा एसएम५८ हा या जातीचा माईक १९६६ पासून जगभर वापरात आहे. दुसरा कंडेन्सर. त्याला साउंड कार्डातून बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो, आणि तो फार बारीक ऐकतो. आम्ही ऐकीव माहितीवर आधी कंडेन्सर घेतला. त्याने आत्याबाईंचा श्वास टिपला, शेजारच्या घरचे मिक्सर टिपले आणि दूरवरची कोळशाची मालगाडीही टिपली. शांत खोली नसेल तर डायनॅमिक बरा. तो जवळचे ऐकतो, दूरचे फारसे मनावर घेत नाही. जयंती मंडळाकडे असा माईक असतोच. तो मागून आणा आणि वेळेवर परत करा.

'भ' चा धक्का

आता गाणाऱ्याला माईकपासून एका वितीवर बसवा. माईक अगदी नाकासमोर नको, किंचित बाजूला, तोंडाकडे वळलेला असावा. कारण प, फ, ब, भ ही अक्षरे उच्चारताना ओठ मिटून उघडतात आणि हवेचा झोत बाहेर पडतो. तो माईकवर आपटला की "भप्प" असा धक्का भरला जातो आणि तो नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. आपल्या गाण्यांत भीम, बुद्ध, बाबा, भारत हे शब्द किती वेळा येतात ते मोजून पाहा, म्हणजे आमचे दुःख कळेल! यावर दुकानात जाळी मिळते. आम्ही मुलीच्या कशिद्याच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला आणि ती रिंग माईकपुढे चार बोटांवर बांधली. झोत मोज्यात अडतो, सूर पलीकडे जातो.

नंतर पातळी ठरवा. गाण्यातली सर्वांत चढी ओळ आधी म्हणून घ्या, कारण सुरुवातीच्या गुणगुणण्यावर पातळी लावली तर चढ्या ओळीला हमखास फसगत होते. संगणकात शून्य डेसिबल हे छप्पर असते. त्याला आवाज थडकला की तो फाटतो, आणि फाटलेला शब्द नीट सांधता येत नाही. जुनी टेप थोडी जास्तीची पातळी सोसून घेई, संगणक सोसत नाही. सर्वांत चढी ओळ उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील इतपतच बटन फिरवा. आवाज कमी भरला तर नंतर वाढवता येतो.

भरताना डब्ल्यूएव्ही हा प्रकार निवडा, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर. म्हणजे यंत्र एका सेकंदात आवाजाची ४८ हजार मोजमापे घेते. सीडीवर ती ४४ हजार १०० आणि १६ बिटची असत. एका माईकचे तासभराचे गाणे या हिशेबाने सुमारे अर्धा जीबी जागा घेते. एमपी३ मध्ये भरू नका. त्यात जागा वाचवण्यासाठी आवाजातील काही अंश टाकून दिलेला असतो आणि तो परत येत नाही.

गाणाऱ्याने यंत्रामागे धावू नये

स्टुडिओची रीत अशी की आधी ठोक्याचा टकटक आवाज लावायचा, त्यावर ढोलकी, त्यावर पेटी आणि शेवटी गाणारा. आम्ही आत्याबाईंच्या कानाला हेडफोन लावून टकटक सुरू केली. दोन ओळींत त्या थांबल्या. "हे काय टोचून राह्यलं बाबू कानात?" म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. रोवण्याचे गाणे चिखलातल्या हातांच्या लयीवर चालते. कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला ते थोडे रेंगाळते, नाव आले की थोडे थांबते. त्याला घड्याळाच्या काट्याला बांधले की गाणे मरते.

मग आम्ही रीत उलटी केली. आधी आत्याबाईंनी एकट्याने, मांडीवर हात आपटत, मोकळे गायचे. नंतर ढोलकीवाल्याने हेडफोनमध्ये त्यांचे गाणे ऐकत, दुसऱ्या ट्रॅकवर साथ भरायची. ढोलकीवाले आम्हाला झाडीपट्टी रंगभूमीवरचे लाभले. वडसा हे ज्या रंगभूमीचे केंद्र आणि जिच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीच ही रंगभूमी. दिवाळीपासून होळीपर्यंत या मंडळींना उसंत नसते. रात्रभर नाटक करून पहाटे ते थेट आमच्याकडे आले, चहा घेतला आणि बसले. रंगमंचावर नट कुठे थांबेल, कुठे ओळ लांबवील याचा नेम नसतो, त्यामुळे समोरच्याच्या श्वासावर थाप टाकायची सवय त्यांच्या हातात भिनलेली आहे. तिसऱ्या खेपेस त्यांनी अशी साथ भरली की दोघे शेजारी बसून गात-वाजवत आहेत असे वाटावे.

अशा वेळी एक अडचण येते. हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो आणि वाजवणारा गोंधळतो. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची जागा असते, तिथला आकडा १२८ किंवा २५६ करा. उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उरला तर चालतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे साथीदार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखे झाले. इतके आपल्या मंडळींच्या अंगवळणी आहेच.

पेटीचा प्रश्न निराळा निघाला. आत्याबाईंचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध बसत होता. कोणी म्हणाले, संगणकावर त्यांचा आवाज थोडा वर ओढा. आम्ही पेटी वेगळी भरली आणि पेटीचाच सूर संगणकावर किंचित खाली आणला. ऐंशी वर्षांच्या गळ्याला पट्टीत बसवण्यापेक्षा लाकडाच्या पेटीला हलवणे सोपे असते.

मिक्सिंग म्हणजे पंगत

सगळे ट्रॅक भरून झाल्यावर त्यांचे एकत्र गाणे बनवणे म्हणजे मिक्सिंग. येथे आमची सर्वांत मोठी चूक झाली. मुलीच्या मित्रमंडळींनी उत्साहाने कीबोर्ड घातला, खर्जाचा दणका घातला, गळ्याला मोठा घुमारा लावला. मोठ्या स्पीकरवर ते ऐकून आम्हीही मान डोलावली. गावी जाऊन आत्याबाईंना ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "चांगलं आहे. पण हे गाऊन कोण राह्यलं? नावं कुठं गेली?"

नावे त्यात होती, पण ऐकू येत नव्हती. एकदा कॅसेटवर पुसली, आता ढोलकीखाली दाबली. त्या दिवशी मुलगी गप्प बसून होती. परत आल्यावर तिने सगळे ट्रॅक बंद केले आणि एकट्या गळ्यापासून पुन्हा सुरुवात केली. आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. आपल्या गाण्यात शब्द हा धनी आहे. पंगतीत आधी त्याला बसवा, मग बाकीच्यांना सरकून जागा करायला सांगा.

हे कसे करायचे? प्रथम गळ्याचा ट्रॅक सुखाने ऐकू येईल इतका ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. मग ढोलकी शून्यापासून हळूहळू वर आणा. शब्दाला धक्का लागतो असे वाटताच एक पायरी खाली या. मग पेटी तशीच. शब्द ऐकू येत नसेल तर गळा वाढवण्याचा मोह होतो. ते करण्याआधी बाकीचे कमी करून पाहा.

दुसरे, प्रत्येक आवाजाला त्याची उंची असते. स्त्रीच्या गाण्यात १०० हर्ट्झच्या खाली कामाचे काही नसते, तिथे फक्त पावलांची धडधड आणि विजेची घूं असते. गळ्याच्या ट्रॅकमधून तेवढा भाग कापून टाका. क, च, ट, त, स यांसारखी व्यंजने, ज्यांच्यावर शब्द ओळखू येतो, ती साधारण दोन हजार ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात स्पष्ट होतात. पेटीही तिथेच दाटी करते. पेटीचा तेवढा पट्टा थोडा उतरवा. पेटीचे फारसे बिघडत नाही, शब्दाला मात्र वाट मिळते.

तिसरे, गळा कुठे वर जातो, कुठे खाली. कॉम्प्रेसर नावाचे साधन चढा आवाज आपोआप दाबते. ते जास्त लावले तर गाणे इस्त्री केल्यासारखे सपाट होते. आम्ही ते जेमतेम लावले आणि जिथे जिथे नाव येते तिथे तिथे आवाज हाताने थोडा वर केला. सात नावे, सात ठिकाणी. मुलीला यासाठी तीन संध्याकाळी लागल्या.

चौथे, घुमारा मिठासारखा. चव आहे पण मीठ जाणवत नाही, इतपतच.

शेवटी परीक्षा. हळू आवाजात ऐका, सगळे शब्द कळतात का? साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. त्यावर ढोलकीचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, मग ठेका समजतो का? रिक्षात ऐका. जयंतीच्या मिरवणुकीतल्या भोंग्यावर ऐका. आणि सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे गाणे माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा आणि त्याला शब्द म्हणून दाखवायला सांगा. जिथे तो अडेल तिथे तुमचे मिक्सिंग चुकले आहे. रोज कान थकल्यावर काम थांबवा. रात्री बाराला चांगले वाटलेले सकाळी टिकेलच असे नाही.

नाव लिहा, जपून ठेवा

काम झाले की मूळ ट्रॅक वेगळे ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्यांच्या नकलेवर करा. कॅसेटच्या पट्ट्या मोडण्याचा आजचा प्रकार तो हाच. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी पेन ड्राईव्ह किंवा हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी, नातेवाइकाकडे. एकाच घरात तीन प्रती ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर आवाज दाबला जाण्याचा संभव असतो. सोबत कागदावरही लिहून ठेवा. कोणी गायले, कोणी जोडले, कोणी वाजवले, कोणते गाव, कोणती तारीख.

गाणाऱ्याला आधी विचारा. घरातली म्हातारी माणसे आपल्यावरच्या मायेपोटी गातात. ते गाणे जगाला ऐकवायचे की घरातच ठेवायचे, हा निर्णय त्यांचा आहे. आत्याबाईंनी एक गाणे गायले आणि म्हणाल्या, "हे घरातच राहू द्या." ते घरातच आहे.

दुसऱ्याचे गाणे गाणार असाल तर कवीचे नाव द्याच. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव मुंगीएवढे, हे आपण पुष्कळ पाहिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ साल संपेपर्यंत शाबूत आहे. तो ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी घ्यावी. सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चालीचाही धनी असतो, हे गाणे जाहीर करण्याआधी ध्यानात घ्या. सर्वांत चांगले म्हणजे शब्दही आपले, चालही आपली.

आमचे गाणे पुरे झाले. सातव्या नावानंतर आत्याबाई थांबतात. काही क्षण नुसता मांडीवरच्या हाताचा आवाज येतो, मग त्या म्हणतात, "आणखी चार जण होते बाबू. नाव आठवून नाही राह्यलं." मुलगी तेवढा तुकडा कापायला निघाली होती. आत्याबाईंना विचारले तर म्हणाल्या, "राहू दे माय. होते तं सही ते." तो तुकडा तसाच ठेवला आहे. ढोलकीवाल्यांनीही तिथे हात थांबवला आहे.

वाचकहो, तुमच्या घरी, तुमच्या वॉर्डात असे गाणे कोणाच्या तोंडी आहे ते आज रात्री जेवताना विचारा. माईक येईल तेव्हा येईल, येत्या रविवारी मोबाईल उशीवर ठेवून सुरुवात करा. आणि मूल-सावलीकडच्या वाचकांना एक विनंती. चांद्याला गेलेल्या बंड्यांचे, नावांचे, रोवण्याचे गाणे तुमच्याकडच्या कोणा आयाबाईला येत असेल, तर आम्हाला कळवा. चार नावे आम्ही अजून शोधतो आहोत.

जयभीम!